आयर्लंडच्या सिनेटमधला विरोधी सदस्य काय करतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या सिनेटबद्दल मराठीत वाचायची काय गरज?

आयर्लंडचं नाव मराठी घरांत दोन वेळा मोठ्याने घेतलं गेलं. एकदा 2012 च्या अखेरीस, बेळगावची सविता हलप्पनवार गॉलवे शहरातल्या रुग्णालयात मरण पावली तेव्हा. दुसऱ्यांदा 2017 मध्ये, मालवण तालुक्यातल्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा लिओ वराडकर तिथला पंतप्रधान झाला तेव्हा. दोन्ही वेळा बातम्या पंतप्रधान, न्यायालय आणि सार्वमत यांच्याभोवती फिरल्या. पण सविताचा जीव गर्भपातबंदीच्या ज्या कलमाच्या सावलीत गेला, त्याच्या शब्दरचनेत गोंधळ आहे हे तिथल्या एका सिनेटरने 1983 मध्येच सभागृहात सांगितलं होतं. ते भाषण आजही नोंदीत आहे. ही माणसं सभागृहात काय बोलतात, कशी बोलतात आणि त्याचं पुढे काय होतं, हे मराठीत नीट लिहिलेलं मला सापडलं नाही. डब्लिन, कॉर्क, गॉलवेत राहणारे आपले लोकही याबद्दल विचारत असतात. म्हणून हे पान.

शॅनड, डॉल, टीशॉक हे शब्द आधी समजावून सांगाल का?

संसदेची दोन सभागृहं आहेत. खालचं सभागृह डॉल. त्याचे सदस्य थेट लोकांतून निवडून येतात आणि त्यांना टीडी म्हणतात. वरचं सभागृह शॅनड, म्हणजेच सिनेट. पंतप्रधान म्हणजे टीशॉक. दोन्ही सभागृहं डब्लिनच्या लेन्स्टर हाउसमध्ये भरतात. हे मुळात एका उमरावाचं घर होतं आणि सिनेटचं दालन म्हणजे त्या घराचा जुना दिवाणखाना. छतावर नाजूक गिलाव्याचं नक्षीकाम आहे. साठ माणसं बसतील एवढीच जागा, त्यामुळे समोरच्याचा चेहरा दिसतो आणि पुटपुटलेलंही ऐकू येतं.

या साठ जणांना निवडतं कोण?

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे विधान परिषद आहे. परिषदेत पदवीधर मतदारसंघ असतो, स्थानिक स्वराज्य संस्थांचे प्रतिनिधी मत देतात, राज्यपाल काही जणांना नेमतात आणि मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहावा लागतो. आयर्लंडमध्ये साधारण हेच मसाले आहेत, प्रमाण वेगळं.

साठांपैकी 43 जण पाच गटांतून येतात: प्रशासन, शेती, संस्कृती आणि शिक्षण, उद्योग आणि व्यापार, कामगार. नावं व्यवसायांची असली तरी मतदार राजकारणीच असतात. नव्या डॉलचे सदस्य, मावळते सिनेटर आणि देशभरातले नगरसेवक व काउंटी कौन्सिलर, एवढेच मत देतात. सहा जण विद्यापीठांच्या पदवीधरांकडून येतात. उरलेल्या 11 जणांना टीशॉक थेट नेमतो.

त्या 11 नावांशिवाय सभागृहच बनत नाही. 2020 मध्ये सिनेटची निवडणूक उरकली होती, पण नवा टीशॉक ठरत नव्हता, त्यामुळे सिनेट भरवता येईना. काही सिनेटर उच्च न्यायालयात गेले आणि हरले. टीशॉक ठरला, त्याने 11 जण नेमले, तेव्हाच सभागृह बसलं.

मग विरोधी सिनेटर कोणाला म्हणायचं?

सरकारात नसलेल्या पक्षाचा सिनेटर विरोधी, हे सरळ उत्तर. पण तिथे अपक्षांची मोठी परंपरा आहे, विशेषतः विद्यापीठांच्या जागांवरून आलेल्यांची. त्यांच्यावर पक्षाचा व्हिप नसतो. सरकारला सर्वांत जास्त घाम याच लोकांनी फोडला आहे.

टीशॉकच्या हाती 11 नेमणुका असल्यामुळे सरकारचं बहुमत बहुतेक वेळा ठरलेलं असतं. विरोधी सिनेटर सकाळी सभागृहात शिरतो तेव्हा संध्याकाळच्या मतदानात आपण हरणार हे त्याला माहीत असतं. 2016 ते 2020 हा काळ मात्र वेगळा होता. सरकार अल्पमतात होतं, सिनेटवरही त्याची पकड नव्हती, आणि विरोधकांची विधेयकं खरोखर मंजूर होऊ लागली.

हरायचंच असेल तर बोलून काय मिळतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. याचं उत्तर मी नेहमी एकाच माणसाच्या गोष्टीतून देते: मेरी रॉबिन्सन.

1969 साली त्या 25 वर्षांच्या होत्या. मेयो काउंटीतल्या बॅलिना गावच्या, बॅरिस्टर, ट्रिनिटी कॉलेजात कायद्याच्या प्राध्यापक. ट्रिनिटीच्या पदवीधरांच्या जागेवर पिकल्या केसांचे प्राध्यापक निवडून जायचे, तिथे त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

तेव्हा आयर्लंडमध्ये 1935 चा एक फौजदारी कायदा होता. त्याच्या 17 व्या कलमाप्रमाणे गर्भनिरोधक साधनं विकणं, विक्रीसाठी आयात करणं, त्यांची जाहिरात करणं हा गुन्हा होता. कित्येक बायका गर्भनिरोधक गोळ्या घेतही होत्या, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असायचं पाळी नियमित करण्याचं. मे 1971 मध्ये स्त्रीमुक्ती चळवळीतल्या बायका रेल्वेने उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेल्या, जिथे ही साधनं कायदेशीर होती, तिकडून ती विकत घेऊन आल्या आणि डब्लिनच्या स्टेशनवर कस्टमवाल्यांच्या डोळ्यांदेखत ती उंचावून दाखवली.

त्याच वर्षी रॉबिन्सन यांनी ट्रेव्हर वेस्ट आणि जॉन हॉर्गन या दोन अपक्ष सिनेटरांना सोबत घेऊन ते कलम हटवणारं विधेयक आणलं. तिघेही विद्यापीठांच्या जागांवरचे, पाठीशी पक्ष नाही.

इथे थोडं थांबून बारकावा समजून घ्यायला हवा. विधेयकाचं पहिलं वाचन म्हणजे तिथे निव्वळ औपचारिकता. 'हे मांडू द्या' एवढंच विचारायचं, सभागृह हो म्हणतं, मग विधेयक सरकारी खर्चाने छापलं जातं. चर्चा दुसऱ्या वाचनाला. विरोध करायचा असेल तरी लोक तिथेच करतात, कारण न छापलेल्या कागदाला विरोध कसला करणार? रॉबिन्सन यांचं विधेयक मात्र मांडायचंच लांबत गेलं. आणि जुलै 1971 मध्ये वेळ आली तेव्हा सभागृहाने पहिल्या वाचनालाच नकार दिला. विधेयक छापलं गेलं नाही. काय लिहिलंय हे अधिकृतपणे कोणाला वाचताच येऊ नये, अशी ती तजवीज होती.

त्याच वर्षी डब्लिनच्या आर्चबिशपांचं पत्र चर्चमध्ये वाचलं गेलं. असा कायदा झाला तर तो देशाला शाप ठरेल, असा त्याचा आशय होता. रॉबिन्सन यांना शिव्यांची पत्रं आली. लग्नाला वर्षही न झालेली तरुण बाई होती ती.

पुढे काय झालं ते बघा. डिसेंबर 1973 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मॅगी खटल्यात सांगितलं की विवाहित जोडप्याच्या खासगीपणात ही बंदी बसत नाही. रॉबिन्सन यांनी पुन्हा विधेयक आणलं. या वेळी ते छापलं गेलं, चर्चा झाली, आणि 1974 मध्ये पडलं. त्याच वर्षी सरकारने स्वतःचं विधेयक आणलं, तर टीशॉक लिअम कॉसग्रेव्ह यांनी आपल्याच सरकारच्या विधेयकाविरुद्ध मत दिलं. 1979 मध्ये एकदाचा कायदा झाला, तोही डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या अटीवर. 18 वर्षांवरील कोणालाही चिठ्ठीशिवाय निरोध मिळायला 1985 उजाडलं.

म्हणजे 14 वर्षं. एका सिनेटरच्या बोलण्यामुळे हे सगळं झालं, असा माझा दावा नाही. न्यायालयं होती, चळवळ होती, घराघरांतल्या बायका होत्या. पण संसदेत हा विषय उच्चारायचीच सोय नव्हती तेव्हा तो उच्चारला गेला आणि कागदावर राहिला. 'हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं' असं म्हणायची वाट त्या नोंदीने बंद केली. मी याला हरणं म्हणत नाही.

रॉबिन्सन कायम विरोधातच होत्या का?

नाही, आणि हे नीट सांगितलं पाहिजे. 1976 मध्ये त्या मजूर पक्षात गेल्या. पक्ष सत्तेत असतानाही त्या सिनेटमध्ये होत्या. 1985 च्या ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अँग्लो-आयरिश करारावेळी, उत्तर आयर्लंडच्या युनियनवाद्यांना (म्हणजे ब्रिटनशी जोडून राहू इच्छिणाऱ्यांना) न विचारता हा करार झाला, असं म्हणत त्यांनी पक्ष सोडला. स्वतः त्या युनियनवादी नव्हत्या. सिनेटची वीस वर्षं 1989 ला संपली, आणि 1990 च्या डिसेंबरमध्ये त्या राष्ट्राध्यक्ष झाल्या.

म्हणून मी 'विरोधी' हा शब्द फक्त बाकावरून मोजत नाही. सत्तेच्या बाकावर बसून विरोध करता येतो, हे पुढच्या उत्तरात दिसेल.

1983 मध्ये नेमकं काय झालं, आणि सविताशी त्याचा संबंध काय?

1983 मध्ये राज्यघटनेत आठवी दुरुस्ती घालायची ठरलं. गर्भवती आई आणि पोटातला जीव, दोघांच्या जगण्याचा हक्क समान मानायचा, अशी ती शब्दरचना. गर्भपात कायद्याने आधीच गुन्हा होता. तो घटनेतही पक्का करायचा, म्हणजे पुढे कोणत्याही न्यायालयाला किंवा सरकारला हात लावता येणार नाही, हा हेतू.

तेव्हा मजूर पक्ष सरकारात होता. रॉबिन्सन त्याच पक्षाच्या होत्या आणि सिनेटमध्ये त्या दुरुस्तीच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा मुद्दा कायद्याचा होता: हे शब्द संदिग्ध आहेत, डॉक्टरने प्रत्यक्षात काय करायचं हे यातून कळत नाही. सरकारचे महान्यायवादी पीटर सदरलंड यांनीही असाच इशारा दिला होता. दुरुस्ती दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि 7 सप्टेंबर 1983 च्या सार्वमतात जवळपास 67 टक्के लोकांनी तिला होकार दिला.

28 ऑक्टोबर 2012 रोजी सविता हलप्पनवार गेली. वय 31, दंतवैद्य, 17 आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे कळल्यावर तिने गर्भपाताची मागणी केली होती. ती नाकारली गेली, कारण गर्भाचं हृदय अजून सुरू होतं. मग संसर्ग रक्तात पसरला.

बेळगावात तिच्या आईवडिलांनी टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर विचारलेला प्रश्न ज्यांनी ऐकला, त्यांनी 1983 ची ती सिनेटची चर्चा एकदा वाचावी. मी वाचली, आणि बराच वेळ पुढचं पान उलटवलं नाही.

2013 च्या जुलैमध्ये, आईच्या जिवाला धोका असेल तर गर्भपात करता येईल, असं सांगणारा कायदा झाला. त्यावर सिनेटमध्ये तासन्‌तास चर्चा झाली. दोन्ही बाजूंचे सिनेटर अटीतटीने बोलले. आणि 25 मे 2018 च्या सार्वमतात 66.4 टक्के मतांनी आठवी दुरुस्ती घटनेतून काढून टाकली गेली. टीशॉक होते वराडकर.

सिनेटरला बोलायला दिवसात संधी कुठे कुठे मिळते?

टीडी जसे मंत्र्यांना लेखी-तोंडी प्रश्न विचारतात, तसा प्रश्नोत्तराचा तास सिनेटरला नाही. ही मोठी उणीव आहे. तिची भरपाई दोन ठिकाणी होते.

बैठकीच्या सुरुवातीला काही विषय निवडले जातात. सभापती सिनेटरांनी पाठवलेल्या अर्जांतून ते निवडतात. सिनेटर उभा राहून आपला विषय काही मिनिटांत मांडतो आणि सरकारकडून कोणीतरी उत्तर द्यायला समोर असतो. गावच्या शाळेची रखडलेली इमारत, एखाद्या आजारावरचं औषध, बंद पडलेली बस. उत्तर बहुधा खात्याने लिहून दिलेलं असतं आणि मंत्री ते वाचून दाखवतो. पण त्यानंतर सिनेटरला पुन्हा थोडं बोलता येतं, आणि खरं मीठ तिथे असतं. चांगला सिनेटर वाचून दाखवलेल्या उत्तरातलं एक वाक्य पकडतो आणि विचारतो, 'म्हणजे तारीख नाही, असंच ना?' मंत्र्याला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

दुसरी जागा म्हणजे दिवसाचं कामकाज ठरवण्याची वेळ. खरं तर आज काय घ्यायचं एवढंच ठरवायचं असतं. पण प्रत्येक गटाला दोन-तीन मिनिटं मिळतात आणि सिनेटर त्यात मनातलं सगळं मांडून घेतात. शेवटी 'या विषयावर चर्चा ठेवावी' अशी मागणी जोडली की झालं. सभागृहनेता सर्वांना एकत्र उत्तर देतो. विरोधी सिनेटरला कामकाजातच बदल सुचवून त्यावर मतदान मागता येतं. हरतो, पण त्या दिवशी सरकारने कोणता विषय घ्यायला नकार दिला हे मतांसकट लिहिलं जातं.

बाकी विधेयकांवरचं बोलणं. दुसऱ्या वाचनाला तत्त्वावर भाषणं होतात आणि ती वर्तमानपत्रात येतात. समिती टप्प्यावर कलमावार काम चालतं, सभागृहात पाच-सहा माणसं उरतात, आणि मंत्री व सिनेटर यांच्यात 'करू शकेल' लिहायचं की 'करेल' यावर वीस मिनिटं जातात. मला विचाराल तर सिनेटरची पारख इथेच होते.

दुरुस्ती सुचवायला अडचण काय असते?

पैसा. सरकारी तिजोरीवर भार पडेल अशी दुरुस्ती सिनेटरला मांडता येत नाही, सभापती ती आधीच बाद करतात. आणि आजच्या काळात कोणत्या सुधारणेला पैसे लागत नाहीत? दिव्यांगांना हक्क द्या म्हटलं तर खर्च, भाडेकरूला मदत द्या म्हटलं तर खर्च.

यावर विरोधकांनी एक वाट काढली आहे. 'अमुक हक्क द्या' असं न लिहिता ते लिहितात, 'हा कायदा लागू झाल्यापासून बारा महिन्यांत मंत्री अमुक विषयावर अहवाल संसदेपुढे ठेवतील.' अहवालाला खर्च नाही, म्हणून दुरुस्ती बाद होत नाही, आणि त्या निमित्ताने मूळ विषयावर बोलता येतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला वाटतं, या लोकांना अहवालांची इतकी हौस का? हौस नाही, दार तेवढंच उघडं आहे.

पण काही दुरुस्त्या थेट लागतात. 2015 मध्ये मुलांच्या सुरक्षेसंबंधी एक सरकारी विधेयक सिनेटमध्ये होतं. जिलियन व्हॅन टर्नहाउट या अपक्ष सिनेटर. त्यांना टीशॉकनेच नेमलं होतं, म्हणजे त्या कडव्या विरोधक नव्हत्या. मुलांना शिस्तीसाठी 'वाजवी' मार देण्याचा जो बचाव न्यायालयात चालायचा, तो रद्द करणारी दुरुस्ती त्यांनी सुचवली. सरकारने ती मान्य केली. 11 डिसेंबर 2015 पासून आयर्लंडमध्ये आईबापाने किंवा सांभाळणाऱ्याने मुलावर हात उचलला तर तो बचाव मिळत नाही. एका सिनेटरच्या दुरुस्तीने घराघरांतला कायदा बदलला.

विरोधी किंवा अपक्ष सिनेटरचं स्वतःचं विधेयक कधी कायदा झालं आहे का?

झालं आहे, पण मोजकंच. तीन उदाहरणं मला आवडतात.

फर्गल क्विन हे सुपरमार्केटांची साखळी उभारणारे, नॅशनल युनिव्हर्सिटीच्या जागेवरून आलेले अपक्ष. बांधकामात मोठा कंत्राटदार बुडाला की हाताखालच्या छोट्या कंत्राटदारांचे पैसे बुडतात, हे त्या मंदीच्या काळात रोज दिसत होतं. त्यांनी 2010 मध्ये विधेयक आणलं आणि 2013 मध्ये त्याचा कायदा झाला.

जॉन क्राउन हे कर्करोगतज्ज्ञ, तेही अपक्ष. गाडीत लहान मूल असताना सिगारेट ओढायला बंदी घालणारं विधेयक त्यांनी 2012 मध्ये व्हॅन टर्नहाउट आणि मार्क डेली यांच्यासह आणलं. डेली फीना फॉल या तेव्हाच्या विरोधी पक्षाचे. कायदा 2014 च्या अखेरीस झाला, 1 जानेवारी 2016 पासून लागू.

तिसरं उदाहरण पुन्हा डेली यांचं: आयरिश सांकेतिक भाषेला मान्यता देणारा 2017 चा कायदा. कर्णबधिर लोकांनी कित्येक वर्षं मागणी केली होती. विरोधी बाकावरच्या सिनेटरचं विधेयक, आणि त्यामुळे न्यायालयात व सरकारी कार्यालयात दुभाषा मिळण्याचा हक्क आला. अंमलबजावणी सुरू व्हायला 2020 चा डिसेंबर लागला.

तिन्हींत एक गोष्ट सारखी आहे. या सिनेटरांनी श्रेयाचा हट्ट धरला नाही. मंत्री म्हणाले शब्द बदला, त्यांनी बदलले.

बहुमत मिळूनही विधेयक अडतं, असं ऐकलं. ते कसं?

फ्रान्सिस ब्लॅक यांचं विधेयक. त्या मुळात गायिका, 2016 पासून अपक्ष सिनेटर. ताब्यात घेतलेल्या प्रदेशांत उभारलेल्या बेकायदा वसाहतींमधला माल आयर्लंडने घेऊ नये, असं सांगणारं विधेयक त्यांनी 2018 मध्ये आणलं. चर्चा प्रामुख्याने पॅलेस्टिनी प्रदेशातल्या इस्रायली वसाहतींची होती. सरकारचा विरोध होता, तरी जुलै 2018 मध्ये ते सिनेटमध्ये 25 विरुद्ध 20 मतांनी पुढे गेलं, डिसेंबरमध्ये शेवटचा टप्पाही पार झाला. जानेवारी 2019 मध्ये डॉलमध्ये दुसरं वाचन 78 विरुद्ध 45 ने मंजूर.

आणि तिथे ते थांबलं. ज्या विधेयकाला सरकारी खर्च लागतो, त्यासाठी सरकारने खर्चाला संमती देणारा संदेश पाठवावा लागतो. तो आला नाही तर विधेयक समितीच्या टप्प्यावरून पुढे सरकत नाही. सरकारने संदेश दिला नाही. दोन्ही सभागृहांनी हो म्हटलेलं विधेयक संसद विसर्जित होईपर्यंत पडून राहिलं. मला हे पटत नाही. खर्चावर सरकारचा ताबा असावा हे मान्य, पण जकात अधिकाऱ्याच्या थोड्या कामाचं निमित्त करून बहुमत अडवणं हा त्या अधिकाराचा गैरवापर वाटतो.

ब्लॅक यांनी विषय सोडला नाही. दर वेळी उभ्या राहून त्या विचारत राहिल्या. जून 2025 मध्ये सरकारने स्वतःच वसाहतींमधल्या मालाच्या आयातीवर बंदी घालणाऱ्या विधेयकाचा आराखडा प्रसिद्ध केला. त्यात सेवांचा समावेश करावा की नाही, हा वाद मग सुरू झाला.

सिनेट सरकारला अडवूच शकत नाही का?

उशीर करू शकते. साध्या विधेयकावर 90 दिवस, अर्थविधेयकावर 21 दिवस, तेही फक्त शिफारशी. त्यापुढे डॉलचा शब्द अंतिम. 1937 च्या घटनेखालच्या सिनेटने सरकारी विधेयक फेटाळल्याच्या दोनच घटना आहेत, 1959 आणि 1964. 1959 ची महत्त्वाची. तेव्हाचे टीशॉक डी व्हॅलेरा यांना निवडणुकीतली प्रमाणशीर पद्धत, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा देणारी, मोडायची होती. सिनेटने घटनादुरुस्ती फेटाळली, डॉलने ती रेटली, आणि शेवटी लोकांनीच जूनमधल्या सार्वमतात ती नाकारली. त्याच दिवशी लोकांनी डी व्हॅलेरांना राष्ट्राध्यक्ष मात्र केलं.

सभागृहात काहीही बोललं तर खटला होत नाही, हे खरं का?

हो, घटनेच्या 15 व्या कलमाचं संरक्षण आहे. न्यायालयात खेचता येत नाही. पण हजर नसलेल्या माणसाचं नाव घेऊन आरोप केला तर सभापती अडवतात, आणि हक्काचा गैरवापर केला म्हणून चौकशी होऊ शकते.

विद्यापीठांच्या जागा म्हणजे शिकलेल्यांची मिरास नाही का?

टीका योग्य आहे. ट्रिनिटी आणि नॅशनल युनिव्हर्सिटी, एवढ्यांच्याच पदवीधरांना मत होतं. 1979 मध्ये लोकांनी घटनादुरुस्ती करून इतर संस्थांनाही हक्क देण्याची मुभा दिली, आणि मग चाळीसहून जास्त वर्षं एकाही सरकारने कायदा केला नाही. मार्च 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कान धरला. 2024 मध्ये कायदा झाला, आता इतर उच्चशिक्षण संस्थाही धरून सहा जागांचा एकच मतदारसंघ होणार.

तरीही या जागांनी काय दिलं ते विसरता येत नाही. डेव्हिड नॉरिस 1987 मध्ये ट्रिनिटीच्या जागेवरून आले आणि 2024 पर्यंत होते, इतका काळ दुसरा कोणी सिनेटर राहिला नाही. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या व्हिक्टोरियाकालीन कायद्याविरुद्ध ते लढत होते. आपल्याकडचं 377 कलम त्याच जमान्यातलं. आयर्लंडच्या सर्वोच्च न्यायालयात ते 1983 मध्ये हरले, 1988 मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयात जिंकले. त्यांच्या वकील होत्या मेरी रॉबिन्सन. 1993 मध्ये कायदा बदलला, सिनेटच्या चर्चेत नॉरिस स्वतः बोलले, आणि विधेयकावर सही केली राष्ट्राध्यक्षांनी, म्हणजे त्याच रॉबिन्सन यांनी.

सिनेट बंद करणार होते ना?

4 ऑक्टोबर 2013 ला सार्वमत झालं. टीशॉक एंडा केनी यांचा प्रस्ताव होता. 51.7 टक्के लोकांनी नको म्हटलं आणि सिनेट थोडक्यात वाचलं. मतदान जेमतेम 39 टक्के. लोकांनी सिनेटवर प्रेम दाखवलं असं मी म्हणणार नाही, सरकारच्या हातात सगळं जाऊ नये एवढं मात्र त्यांनी बजावलं. त्याला आधार होता. पहिलं सिनेट डी व्हॅलेरांनी 1936 मध्ये बंद केलं होतं, कारण ते त्यांची विधेयकं लांबवत होतं, आणि 1937 च्या घटनेत पुन्हा आणावं लागलं.

भारताच्या घटनेशी याचं काही नातं आहे का?

आहे. राज्यसभेवर साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा यांतले 12 जण राष्ट्रपती नेमतात, ही कल्पना आयर्लंडवरून आली. राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वंही तिथलीच. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर यांनी संविधान सभेत बोलताना आयर्लंडच्या घटनेतल्या या तत्त्वांचा उल्लेख केला होता.

मला स्वतः चर्चा वाचायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

संसदेच्या संकेतस्थळावर सिनेटच्या 1922 पासूनच्या चर्चा शब्दशः आहेत, फुकट. सिनेटरच्या नावावर टिचकी मारली की त्याचं सारं बोलणं तारखेवार समोर येतं.

मतदानाची यादी बघाल तेव्हा दोन शब्द दिसतील: 'तॉ' आणि 'नील'. आयरिश भाषेत होकाराला आणि नकाराला वेगळे शब्द नाहीत, क्रियापदच परत म्हणायचं. 'तॉ' म्हणजे आहे, 'नील' म्हणजे नाही. बाजारात 'कांदे आहेत का' विचारल्यावर आपला दुकानदार 'आहेत' म्हणतो, अगदी तसंच. विरोधी सिनेटरचं नाव बहुतेक वेळा लहान यादीत सापडेल.

मी सांगेन, आधी एकच माणूस घ्या आणि त्याची समिती टप्प्यावरची बोलणी वाचा, भाषणं नंतर. मग 1971 च्या जुलैतलं ते पान काढा, जिथे तीन सिनेटर एक कागद नुसता छापू द्या म्हणून मागत आहेत आणि सभागृह नाही म्हणतं आहे.